विदर्भात किल्ले कुठे आहेत, असं विचारणाऱ्यांना

पुण्या-मुंबईच्या, नाशिक-ठाण्याच्या गडभटक्या मंडळींनो, राजेहो,

आमच्याकडं वऱ्हाडात माणसाला मान द्यायचा असला तरी 'राजेहो' म्हणतात आणि चिमटा काढायचा असला तरी 'राजेहो'च म्हणतात. तुम्ही कोणत्या अर्थानं घ्यायचं ते पत्र संपल्यावर ठरवा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. अकरा आपल्या राज्यातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. आनंद मलाही झाला, आमच्या चौकात पेढेही वाटले गेले. पण त्याच आठवड्यात पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या भाच्यानं त्याच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवरचा एक स्क्रीनशॉट मला पाठवला. बारा किल्ल्यांची मोहीम आखणं चाललं होतं. कुणीतरी भाबडेपणानं विचारलं, विदर्भातला एकही कसा नाही? त्यावर उत्तर आलं, 'विदर्भात किल्ले आहेतच कुठे? तिकडं लोक वाघ बघायला जातात.' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

माझं अकोला जिल्ह्यात अकोटला शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी दारात खुर्ची टाकून बसतो. उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत दिसते, आणि त्या भिंतीतच नरनाळा किल्ला आहे. चाळीस वर्षं मी तो बघतोय, आणि तुम्ही विचारता कुठे आहेत.

चूक सगळी तुमची नाही, हेही सांगतो. सह्याद्रीत गड लांबूनच ओळखू येतो. राजगडाचा बालेकिल्ला एसटीतून दिसतो, तोरणा अंगावर येतो. आमचे किल्ले झाडीत गेलेले. पावसाळ्यात नरनाळ्याच्या तटापासून दोन हातांवर उभे राहिलात तरी समोर तट आहे हे कळणार नाही. साग, ऐन, धावडा, बांबू आणि वर वेलींचा गुंता. वाघही तसाच असतो म्हणा, तो तुम्हाला बघतो, तुम्ही त्याला नाही.

म्हणून पहिली गोष्ट. तुमच्याकडं ट्रेक म्हणजे पावसाळा. इकडं येताना ते डोक्यातून काढून टाका. फेब्रुवारी अर्धा उलटला की या. साग पानं टाकतो, आणि जे आठ महिने झाकलेलं असतं ते एकेक करून उघडं पडतं. आज एक बुरूज दिसला, पुढच्या रविवारी त्याच्या मागची भिंत, त्यानंतर भिंतीतला चोरदरवाजा. पायाखाली सागाची पानं पापडासारखी मोडतात, त्यामुळं गुपचूप चालणं होत नाही, आणि ते बरंच आहे. अस्वलाला आधी कळलेलं चांगलं. पळस पेटलेला असतो. मार्चात मोह गळायला लागतो, तेव्हा भल्या पहाटे त्याच्याखाली कोरकू आदिवासी बायका टोपल्या घेऊन असतात आणि कधीकधी अस्वलही. ऊन होतं, खरं आहे. टोपी घाला.

अकोटहून शहानूर वीसेक किलोमीटरच्या आत. तिथं वनखात्याचा नाका आहे. नाव-गाव लिहायचं, परवानगी घ्यायची आणि मग घाटरस्त्यानं वर. हा सगळा मुलूख मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा. १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला हा एक. घाट चढताना पहिला लागतो शहानूर दरवाजा. त्यावर दोन प्राणी कोरलेले आहेत. वाघ म्हणा की शरभ (पुराणातला सिंहासारखा प्राणी), वाद घालायला जागा आहे. दमलेल्या माणसाला बसायला सावलीही आहे.

पण मला बोलायचंय ते महाकाली दरवाजाबद्दल. आजूबाजूचा सगळा डोंगर काळ्या दगडाचा, आणि वळण घेतलं की समोर एकदम फिकट, दुधात हळदीचं बोट बुडवल्यासारख्या रंगाचा दरवाजा. वाळूचा दगड. कमळं कोरलेली, बाहेर आलेले सज्जे, जाळ्या, आणि कमानीच्या वर ओळीनं अरबी लेख. अक्षरं इतकी गुंफलेली की वाचता न येणाऱ्या माझ्यासारख्याला ती वेलबुट्टीच वाटली होती. पहिल्यांदा गेलो तेव्हा अकरावीत होतो. आमच्या मास्तरांनी सांगितलं, हे लिखाण आहे. मी म्हणालो, कुणी लिहिलं? ते म्हणाले, ज्यानं बांधलं त्यानं, म्हणजे ज्यानं बांधून घेतलं त्यानं. बांधणाऱ्याचं नाव दगडावर येत नाही रे बाबा.

बांधून घेणारा फतेहउल्ला इमाद-उल-मुल्क. साल १४८७. गादीवर नावाला बहमनी सुलतान महमूदशहा होता, त्याची राजधानी बिदर खिळखिळी झाली होती. तीन वर्षांनी, १४९० मध्ये, फतेहउल्लानं स्वतःची इमादशाही उभी केली. आता जरा थांबा आणि हा माणूस कोण ते ऐका. विजयनगरच्या मुलखातल्या कानडी ब्राह्मणाचा हा मुलगा. लढाईत लहानपणीच पकडला गेला, बहमनी दरबारात मुसलमान म्हणून वाढला आणि वऱ्हाडचा धनी झाला. पाच शाह्या आपण सगळ्यांनीच शाळेत घोकल्या. आदिलशाही विजापूर, कुतुबशाही गोवळकोंडा, निजामशाही अहमदनगर, बरीदशाही बिदर, इथवर सगळे धडाधड सांगतात. इमादशाहीची राजधानी विचारली की वर्ग गप्प. अचलपूर, राजेहो. परतवाड्याला लागून असलेलं अचलपूर. तिथं हौजकटोरा नावाची एक जुनी अष्टकोनी इमारत तळ्याच्या मधोमध उभी आहे. लोक तिच्याजवळून ट्रॅक्टर घेऊन जातात, बघत नाहीत. आमचीही तुमच्यासारखीच तऱ्हा.

हा फतेहउल्ला डोक्यात ठेवून गाविलगडावर जा. अमरावती-परतवाडा करून चिखलदरा गाठायचं, गड तिथून हाकेच्या अंतरावर. गवळ्यांचा म्हणून गाविलगड. तिथल्या दिल्ली दरवाजावर दोन डोक्यांचा पक्षी कोरलाय, गंडभेरुंड. पंजांत हत्ती. गंडभेरुंड कानडी मुलखातला, विजयनगरच्या नाण्यांवरचा. तो सातपुड्याच्या टोकाला, एका मुसलमान सरदाराच्या दरवाजावर काय करतोय? मी इतिहासाचा पंडित नाही, लोखंडाच्या फाळाचा व्यापारी आहे. पण मला आपलं वाटतं, माणसाचं लहानपण पुसलं जात नाही. पकडून आणलेलं ते पोर म्हातारपणी आपल्या दरवाजावर गावचा पक्षी बसवून घेत असेल. शास्त्रज्ञ म्हणतील पुरावा काय. नाहीये. तुम्ही या, बघा आणि तुमचं मत बनवा.

मग तुमचा खरा प्रश्न येतो. तो तुम्ही तोंडावर विचारत नाही, पण तुमच्या मौनात असतो. हे सुलतानांचे किल्ले, यात 'आपलं' काय?

बरं. १८०३ घ्या. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध. सप्टेंबरात असईला शिंद्यांचा पराभव झाला, २९ नोव्हेंबरला आमच्या अकोटजवळच्या अडगावला शिंदे-भोसल्यांचा. मागं उरला गाविलगड. नागपूरकर भोसल्यांचा, आणि किल्लेदार बेणीसिंग. समोर आर्थर वेलस्ली, हाच पुढं वेलिंग्टन होऊन वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. वेलस्ली दक्षिणेला देवगावला बसला आणि कर्नल स्टीव्हन्सनला उत्तरेकडून पाठवलं. स्टीव्हन्सनच्या लोकांनी पाच-सहा दिवस जंगलातून रस्ता फोडत जड तोफा वर ओढल्या. बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं. १५ डिसेंबरला आत घुसले, तर आत दुसरा किल्ला, मधे दरी. ही गोष्ट कागदावर वाचून कळत नाही, त्या दरीच्या काठावर उभं राहिलं की कळते. बाहेरचा किल्ला घेतला म्हणून हर्षानं ओरडणारी फौज तिथं येऊन एकदम गार पडली असणार. अखेर कॅप्टन कॅम्पबेल नावाच्या अधिकाऱ्यानं शिड्या लावून आतला तट चढला आणि आतून दरवाजा उघडला. बेणीसिंग लढताना पडला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड गेलं. पण नरनाळा आणि गाविलगड मात्र रघुजी भोसल्यांनी हातचे जाऊ दिले नाहीत, तहात मागून घेतले. मुलूख दिला आणि हे दोन डोंगर ठेवले. हे 'आपलं' पुरे का अजून सांगू?

पुढं १८५८ साली, तात्या टोपे सातपुड्यात फिरत होते त्या काळात, इंग्रजांनी गाविलगडाची मोडतोड केली. म्हणजे आज तुम्ही तिथं जे पडकं बघता ते सगळं काळानं पाडलेलं नाही, काही ठरवून पाडलेलं आहे. भिंतीच्या तुटलेल्या कडा बघताना हे ध्यानात असू द्या. झाडानं फोडलेली भिंत वाकडी होऊन, पोटात मूळ धरून बसते. सुरुंगानं फोडलेली सरळ बसते.

नरनाळ्यावर परत येतो, कारण जीव तिथं आहे. किल्ला एक नाही, तीन आहेत एकात एक. मधे नरनाळा, बाजूंना जाफराबाद आणि तेलियागड. एका दिवसात 'करून' होत नाही. तुमचा हा शब्द मला कळत नाही, गड 'केला'. वर नवगज तोफ आहे, तिच्यावर पोरांना बसवून फोटो काढायची रीत आहे. मीही बसलोय, फोटो घरात आहे, त्यामुळं उपदेश करत नाही. राणीमहाल आहे, म्हणजे कमानी आहेत, आत वटवाघळांचा उग्र वास आहे आणि बाहेर आलं की खाली वऱ्हाडचं मैदान, कापूस निघून गेलेल्या राखी शेतांचे चौकोन. बुऱ्हाणुद्दीन बाघसवार वलींची दर्गा आहे. पांढऱ्या वाघावर बसून फिरायचे, असं सांगतात. व्याघ्र प्रकल्पात वाघावर बसणारा वली, यापेक्षा शोभणारं काय असणार. अबुल फजलनं अकबराच्या काळात लिहून ठेवलंय की नरनाळा हा डोंगरावरचा मोठा किल्ला, आत पुष्कळ इमारती. एवढंच. त्याला पाणी दिसलं नसावं.

मला ते एका कोरकू दोस्तानं दाखवलं. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी त्याला सालं सांगत होतो, १४८७, १५७४, कसा कोवळ्या बुऱ्हाण इमादशहाला त्याच्याच कारभाऱ्यानं, तुफालखानानं, याच किल्ल्यात डांबून ठेवलं आणि कसा अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहानं येऊन राजा, कारभारी आणि राज्य तिन्ही एका दमात गिळलं. तो ऐकत होता, मान हलवत होता. मग म्हणाला, चाल. आणि त्यानं मला किल्ला तलावांवरून फिरवला. सांगतात बावीस तलाव. त्याच्या हिशेबात त्यांना नावांपेक्षा महिने होते. हा दिवाळीत जातो. हा संक्रांतीला. हा होळीपर्यंत टिकतो, त्याच्या काठी सांबर येतं. आणि हा सक्कर तलाव, हा जात नाही. एका जागी वाकून त्यानं पानं बाजूला केली, खाली दगडात कोरलेला पाट होता, हातभर रुंद. वरचा तलाव भरला की जास्तीचं पाणी त्यातून खालच्यात. त्यानं बोटानं उतार दाखवला आणि म्हणाला, ज्यानं हे केलं त्याला डोंगर माहीत होता. जवळच दगडात कोरलेल्या झाकल्या टाक्या आहेत, त्यांना आम्ही तेल-तुपाच्या टाक्या म्हणतो. एक दगड टाकला तर बराच वेळानं आवाज येतो. (टाकू नका. मी टाकला होता, त्यानं मला झापलं.)

त्या दिवसापासून मी पाहुण्यांना दरवाजा शेवटी दाखवतो, पाणी आधी.

आता जरा कडू बोलतो. मागच्या हिवाळ्यात शहानूरच्या नाक्यावर मी एक तमाशा पाहिला. बारा-पंधरा जण, सगळे तरुण, अंगात एकसारखे टी-शर्ट, दुपारी साडेतीनला दोन गाड्यांतून उतरले. तंबू, गॅस, ड्रोन. म्हणाले मुक्कामाला वर जातो. नाक्यावरचा पोरगा म्हणाला, मुक्काम नाही. त्यावर त्यांच्यातला एक म्हणाला, आम्ही राजगडला पद्मावतीच्या देवळात झोपलोय, हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर झोपलोय, आम्हाला काय शिकवतो. मग ओळखी सांगणं, फोन लावणं. तो पोरगा शेवटपर्यंत 'सर' म्हणत राहिला. त्याचं गाव विचारलं तुम्ही? मी विचारलं होतं. आतलं. उठलेलं.

हे तुम्हाला माहीत असणं गरजेचं आहे. गेल्या काही वर्षांत अकोटच्या बाजूनं जंगलातली गावंच्या गावं उठून खाली मैदानात आली. बारुखेडा, धारगड, गुल्लरघाट, अशी किती. कुणाला पैसे मिळाले, कुणाला जमीन, कुणाचं अजून भांडण आहे, त्यात मी शिरत नाही. पण धारगडची श्रावणातली यात्रा असते तेव्हा हीच माणसं आपल्या जुन्या गावाच्या देवाला परवानग्यांच्या वेळेत जाऊन येतात, अंधार पडायच्या आत परततात. ज्यांच्या आजोबांची हाडं त्या मातीत आहेत ते नियम पाळतात. आणि तुम्ही एका रात्रीच्या चांदण्यासाठी त्यांच्याच पोराला दम देता.

राग येऊ द्या, पण ऐका. तुमच्याकडची काही मंडळी फार चांगलं काम करतात, सुट्टीच्या दिवशी टाक्यांतला गाळ काढतात, वाटा दुरुस्त करतात. मी त्यांच्या पाया पडतो. पण तीच कुऱ्हाड-कोयता घेऊन इकडं येऊ नका. तटावर वाढलेलं झाड तोडावं असं मलाही वाटतं, हात शिवशिवतात. इथं फांदी मोडायला १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो, दगड सरकवायला पुरातत्त्वाचा १९५८ चा कायदा, कारण दोन्ही किल्ले केंद्राची संरक्षित स्मारकं आहेत. आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या झाडाच्या ढोलीत कोण राहतं ते आपल्याला कुठं माहीत असतं? रानपिंगळा नावाचं एक घुबड शतकभर कुणाला दिसलं नव्हतं, संपलं म्हणूनच धरून चालले होते. १९९७ मध्ये ते शहाद्याच्या बाजूला पुन्हा सापडलं आणि मग मेळघाटातही. सागाच्या जंगलात, झाडांच्या ढोल्यांत राहणारं. तुम्ही गडाचं भलं करायला जाल आणि त्याचं घर पाडून याल.

विडी-सिगरेट नाही, चूल नाही. फेब्रुवारी-मार्चात ती पापडासारखी पानं सांगितली ना, एका ठिणगीत डोंगर जातो. महाकाली दरवाजाच्या आसपास आग्यामोहळं असतात, अत्तर मारून येऊ नका, आरडाओरडा नको. घोषणा द्यायच्या असतील तर नाक्याच्या खाली द्या, मीही देईन तुमच्याबरोबर, घसा चांगला आहे माझा.

चिखलदऱ्याला गेलात तर तिथला खवा घ्या, कॉफी प्या. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती तिथं. गाविलगडावर सकाळी लवकर शिरा, कारण दहा वाजले की सहलींच्या बसेस आणि भोंगे सुरू होतात, मग ती दरी आणि बेणीसिंग दोन्ही ऐकू येत नाहीत. बडी मशीद बघा, तिच्या कमानींतून तलाव दिसतो तिथं बसा. आणि गंडभेरुंडाखाली उभे राहिलात की वर बघा. बहुतेक लोक मोबाईल उंच धरतात आणि मान खालीच ठेवतात.

नरनाळ्याला येणार असाल तर आदल्या दिवशी अकोटला मुक्काम करा, रविवार टाळा, आणि आठ-दहापेक्षा जास्त जण आणू नका. वाट दाखवायला शहानूरचा माणूस घ्या, त्याला ठरलेले पैसे द्या, आणि त्याला इतिहास सांगायला लावू नका. तलाव दाखव म्हणा. दुर्बीण असली तर आणा. ज्या भाच्याच्या ग्रुपवरून हे सगळं निघालं तो येत्या फेब्रुवारीत चार मित्रांना घेऊन येतोय, त्यातला एक तो 'आहेतच कुठे'वाला आहे म्हणे. त्याला मी आधी तेल-तुपाच्या टाक्यांपाशी नेणार आहे, आणि त्याच्या हातात दगड दिसला तर ते झापणं आता माझ्याकडं आहे.

तुमचा,
अकोटचा एक दुकानदार